एक्केचाळीस हाका

सकाळी साडेसहाला मी बाबांना पेपर वाचून दाखवते. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली, त्याला पाच वर्षं झाली. दत्तात्रेय थळे यांनी अलिबागच्या कोर्टात चौतीस वर्षं नोकरी केली आणि चुका काढायची सवय घरी घेऊन आले. माझ्याच बातमीत ते मला अडवतात. "विनू, 'दुःखद निधन' कशाला लिहितेस? सुखद कुणाचं असतं?"

अलिबागात रामनाथला दुसऱ्या मजल्यावर आम्ही दोघंच राहतो. घर त्यांना पाठ आहे. पण सरकलेली खुर्ची, वाटेत ठेवलेली बादली मला तोंडाने सांगावी लागते. "बाबा, डावीकडे स्टूल," म्हटलं की ते वळतात. त्यांचा सगळा दिवस माझ्या आवाजाच्या टप्प्यात जातो. मी बाहेर असले की भिंतीवरचा खोका त्यांच्याकडे लक्ष ठेवतो.

त्या खोक्याबद्दल आधी सांगायला हवं. मी बावीस वर्षं एका दैनिकाची अलिबागची वार्ताहर आहे. जुलैमध्ये मी 'सांजसोबत' नावाच्या सेवेवर अर्धं पान लिहिलं होतं. मुलं मुंबईत किंवा परदेशात, म्हातारी माणसं गावात एकटी. त्यांच्या घरात ही कंपनी भिंतीवर सेन्सर बसवते, मनगटाला पट्टा देते आणि मराठी समजणारा एक पांढरा खोका लावते. कॅमेरा नाही. माणूस कधी उठतो, कधी बसतो, किती वेळा बाथरूमला जातो, हे यंत्र महिनाभरात शिकतं. वेगळं काही घडलं की अलिबागच्या कंट्रोल रूममध्ये दिवा लागतो. तीन तालुक्यांत सहाशे चाळीस घरं होती. लेख लिहून झाल्यावर मी पैसे भरून आमच्या घरीही खोका बसवला. लेखात खोटं काही नव्हतं.

लेखासाठी कंपनीचा जिल्हाप्रमुख प्रणय मला पेणच्या खाडीकडच्या काळेखारला घेऊन गेला होता. सोनाबाई घरत, वय अठ्ठ्याहत्तर. घरातल्या दोन पिढ्या मिठागरात राबलेल्या. मुलगा हितेश याचे न्हावा शेव्याला बारा ट्रेलर, राहायला उलव्यात. आईसाठी त्याने गावात टाइल्सचं घर बांधलं होतं. ती मागच्या पडवीत चुलीशीच बसायची.

"ह्यो आयकतो व्हय सगला?" तिने खोक्याकडे बोट करून विचारलं.

"सगळं, आजी. चोवीस तास," प्रणय म्हणाला.

"मंग बोलत का न्हाय?"

त्या दिवशी पौर्णिमा होती. बारा वाजून गेल्यावर ती उठली, खोक्यासमोर उभी राहिली आणि अंगात मावणार नाही एवढ्या आवाजात ओरडली, "खांड गेली! या रं, या!"

प्रणय दचकला. खोका गोड आवाजात म्हणाला, "आपलं बोलणं नोंदवलं आहे. काळजी करू नका."

"नोंदवलाय," ती मला म्हणाली. "जसा तलाठीच. आरं, 'आयलो' बोलाला काय जातंय तुजा?"

मग तिने मला समजावलं. खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून गावाभोवती मातीचा बांध असतो. उधाणाला तो फुटतो, त्याला खांड म्हणतात. खांड गेली की हाक द्यायची. ऐकणाऱ्या प्रत्येक घराने तिथल्या तिथे 'आयलो' असं ओरडायचं आणि एका माणसाने घमेलं घेऊन धावायचं. कधीकधी बांध शाबूत असतानाही जुनी माणसं उधाणाला हाक देत. कोण जागं आहे ते कळावं म्हणून.

"आणि एखाद्याने ऐकून उत्तरच दिलं नाही तर?" मी विचारलं.

"त्याची हाक बुडाली," ती म्हणाली. "मंग त्यानं मरताना जरी हाक दिली तरी कोनी आयकायची न्हाय."

प्रणय हसला. "आजी, तुमचं 'आयलो' पुढच्या अपडेटमध्ये टाकतो." मग त्याला मला खोक्याची करामत दाखवायची होती. संकटात खोका तीन नंबर लावतो. पहिला हितेशचा, दुसरा प्रणयचा स्वतःचा. तिसरी जागा रिकामी होती, तिथे त्याने माझा नंबर घातला. सोनाबाईने हाक दिली, माझा फोन वाजला, मी उचलला, फोटोग्राफरने फोटो काढला. तो नंबर नंतर कुणी काढला नाही.

६ ऑक्टोबरला, आश्विन पौर्णिमेला, सोनाबाई घरात पडून मेली. दुसऱ्या दिवशी सकाळी सापडली. आमच्याकडे पाच ओळींची बातमी आली होती. ती मीच तीन ओळींची केली.

२८ ऑक्टोबरला दुपारी कंट्रोल रूममध्ये नोकरीला असलेली प्रणाली आमच्या कार्यालयात आली. तेवीस वर्षांची, माणगावकडची मुलगी. तिने बॅगेतून लॅपटॉप काढला आणि दार लोटून घेतलं.

"मॅडम, मी त्या दिवशी ड्युटीवर नव्हते. पण असते तरी मला दिसलं नसतं. आजी हिरव्या यादीत होत्या."

दर उधाणाला सोनाबाई खोक्यापुढे ओरडायची. यंत्राने ते शिकून घेतलं. सप्टेंबरात हितेशच्या मोबाइलवर प्रश्न गेला, सवयीच्या हाका शांत ठेवायच्या का? हितेशने 'हो' दाबलं. प्रणयने मंजुरी दिली. त्यानंतर काळेखारहून आलेल्या हाकेला कंट्रोल रूममध्ये दिवा लागत नव्हता.

नोंदी स्पष्ट होत्या. सकाळी अकरा वीसला ती पडवीत पडली. मासळी साफ करताना मनगटाचा पट्टा काढून खुंटीला लावला होता. भिंतीवरच्या सेन्सरने 'विश्रांती' अशी नोंद केली. अकरा बावीसला पहिली हाक. प्रत्येक हाकेनंतर खोक्याचं तेच गोड उत्तर. खोक्याने आपल्या परीने एकदा नंबर लावले होते. बारा पाचला हितेश, वाजून वाजून बंद. बारा सहाला प्रणय, तसंच. बारा आठला तिसरा नंबर. दोन रिंगनंतर कापला.

मी माझा फोन उघडला. ६ ऑक्टोबर, बारा आठ. कर्ज विकणाऱ्यांचे असतात तसल्या आकड्यांनी सुरू होणारा नंबर. मी जिल्हाधिकारी कार्यालयात पत्रकार परिषदेत बसले होते. कापल्याचं आठवतसुद्धा नव्हतं.

"एकूण एक्केचाळीस हाका आहेत," प्रणाली म्हणाली. "मी शेवटची लावते."

वेळ संध्याकाळी पाच बत्तीस. आधीच्या हाकांमध्ये आवाज फाटत गेला होता. या हाकेत तो निवांत होता, जणू कुणी पाटावर बसून बोलतंय.

"हितेश. प्रणय. विनिता. आयकून आयले न्हाय. तुमची हाक बुडाली."

पुढे अकरा सेकंद काही नाही. प्रणालीने लॅपटॉप मिटला.

सोनाबाई मला 'पेपरवाली बाय' म्हणायची. नाव मी सांगितलं नव्हतं आणि तिला वाचता येत नव्हतं.

"अजून एक," प्रणाली म्हणाली. "डॉक्टरांनी मृत्यूची वेळ दुपारी तीनच्या आतली दिलीय. तीननंतरच्या नऊ हाका आहेत."

मी सिव्हिलमधल्या ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावला. "अंदाज असतो तो," ते म्हणाले. "दोन-तीन तास इकडेतिकडे होतात." मी ते वहीत लिहून घेतलं.

३० तारखेला मी काळेखारला गेले. सोनाबाईच्या शेजारचे अंबाजी ओट्यावर बसले होते. त्यांनी सरकून मला अगदी जवळ जागा दिली.

"तुम्हाला हाक ऐकू आली होती का, काका?"

"आयकली ना. सगल्या गावानं आयकली. पयलं मी उठलो पन व्हतो. मंग सून बोलली, बाबा, खोका हाय ना तिच्याकरं, खोका बघंल." त्यांनी पंच्याने तोंड पुसलं. "चालीस वरसात मी हाक चुकवली नव्हती, बाय."

ओट्यापलीकडे भाताची खाचरं होती. लोंब्या भरायच्या दिवसांत रोपं पांढुरकी पडून आडवी झाली होती. मी विचारलं.

"दिवालीच्या आवसंला खांड गेली. मीच पयली बघितली. हाक दिली. थितं पाच जण पत्ते खेलत व्हते, हितून त्या खांबायेवढं लांब. एकानं मान वलवली न्हाय. मी परत दिली. माजा गला बसला. पानी त्यांच्या पायाला लागला तवा उठले आनि मलाच बोलले, अंबाजी, तू गप का उभा व्हतास?"

मी वाऱ्याची दिशा विचारली. त्यावर त्यांनी माझ्याकडे जरा दयेने बघितलं.

"बुडालेली हाक परत मिळते का?"

"जिची हाक आयकली न्हाय, तिनं आपल्या हाकंला 'आयलो' बोलाचा. मंग सुटतंय. दुसरा कोनी न्हाय."

"ती तर गेली."

"व्हय," अंबाजी म्हणाले.

न्हावा शेव्याच्या यार्डात हितेश मला १ नोव्हेंबरला भेटला. चाळिशीचा, धिप्पाड, गळ्यात साखळी. तो सरळ माझ्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला आणि कानाशी तोंड आणून बोलू लागला. मी मागे सरकले, तसा तो पुढे आला.

"राग मानू नका ताई. लांबून बोललो तर लोकांना कळत नाही. आधी माझा आवाज गेटपर्यंत जायचा. मग केबिनपर्यंत. आता हात लावायला लागतो, तेव्हा बघतात."

"डॉक्टरांना दाखवलं?"

"तीन दाखवले. घसा एकदम ओके." तो यार्डाकडे बघत राहिला. "लहानपणी खेळताना तिने हाक मारली आणि मी आलो नाही, तर दिवसभर बोलायची नाय माझ्याशी. मी समोर उभा राहून आय, आय करायचो. ती भाकऱ्या थापत राहायची. रात्री जेवताना बोलायची. रात्री बोलायचीच ती." मग त्याचा चेहरा बदलला. "पण असं करतात का? पोराला? एक बटन दाबलं होतं मी, ताई. धंद्याच्या टायमाला फोन वाजायचा सारखा."

६ नोव्हेंबरला दुपारी साडेतीनला मागे येणाऱ्या ट्रेलरखाली हितेश सापडला. पोलीस ठाण्यात मी यार्डातलं चित्रण तीन वेळा पाहिलं. तो कंटेनर आणि ट्रेलर यांच्या फटीत उभा आहे. ट्रेलर मागे येतोय, अगदी सावकाश. हितेशचं तोंड उघडं आहे, मानेच्या शिरा दिसतात. सहा फुटांवर क्लीनर चहा पितोय. नऊ सेकंद. क्लीनरने ग्लास खाली ठेवला तोही शांतपणे.

ड्रायव्हर कुलदीप बाकावर बसून रडत होता. "सेठ आवाज देते तो मैं रुकता ना, मॅडम. एक आवाज तो देते."

मी घरी आले. बातमी लिहिली, पाठवली. मग गॅलरीत जाऊन समोरच्या येसूबाईंना हाक मारली. त्या कपडे वाळत घालत होत्या. मधे फक्त चौक. मी तीनदा हाक मारली. त्यांनी चिमटे संपेपर्यंत मान वर केली नाही. मग सहज माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अगोबाई, कधीपासून उभी आहेस?"

मी कपाटातून मोजायचा टेप काढला.

मोजल्याशिवाय मी काही मानत नाही. माझा आवाज किती लांब पोचतो ते रोज एकाच पट्टीत, एकाच वाक्याने मोजलं, वेगवेगळ्या माणसांवर. ७ नोव्हेंबरला अठरा फूट. ९ तारखेला चौदा. ११ ला अकरा. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी सगळं ठीक असल्याचं लिहून दिलं. मोबाइलवर मी माझा आवाज भरला आणि ऐकला, स्वच्छ होता. तोच प्रणालीला ऐकवला. तिने फोन कानाला लावला, हलवला, परत लावला. "काही भरलंच गेलं नाहीये, मॅडम."

प्रणयला मी रोज फोन करत होते. तो राजीनामा ई-मेलने पाठवून गेला होता. फोन लागायचा, उचलला जायचा. पलीकडे कुणीतरी घाईघाईने श्वास घेत असायचं, ओठ हलल्याचा बारीक आवाज यायचा. बस, तेवढंच. त्याला माझ्याकडून काय ऐकू जात होतं, कोण जाणे.

मला स्वतःची भीती कमी वाटत होती. कार्यालयात माणूस लिहून बोलू शकतो. बाबांना कागद दिसत नाही.

"घसा बसलाय का गं तुझा?" ते विचारू लागले. मी खुर्ची जवळ घेतली. मग आणखी जवळ. "अशी कानात काय वाचतेस? मी आंधळा आहे, बहिरा नाही." १४ तारखेला ते स्टुलावर आपटले. मी सात फुटांवरून सांगितलं होतं. गुडघ्याला हात लावत ते म्हणाले, "सांगायचंस ना, विनू."

१७ तारखेला मी पुन्हा काळेखारला गेले. घराची चावी अंबाजींकडे होती. खोका कंपनीने काढून नेला होता. भिंतीवर चौकोनी डाग आणि चार भोकं उरली होती. मी पडवीत, ती पडली होती त्या जागी उभी राहिले आणि जेवढ्या जोरात जमेल तेवढ्या जोरात म्हणाले, "आले, सोनाबाई! मी आले!"

दारातून अंबाजी माझ्या तोंडाकडे बघत होते. मग माझ्या कानाशी येऊन त्यांनी विचारलं, "बोललीस काय, बाय?"

त्या दिवशी तीन फूट होतं.

१८ ला दोन.

१९ ला वीतभर. मी बाबांना सगळं कानात सांगायचं ठरवलं. निम्मं सांगून झालं. "उरलेलं उद्या सांग," ते म्हणाले. "तुझं कळतच नाहीये नीट. झोप जरा."

२० तारखेला सकाळी अकरा वाजता मी स्वयंपाकघरात होते. बाहेर लख्ख ऊन.

"विनू."

"आले बाबा."

"विनू?"

मी हात पुसत बाहेर आले. ते खुर्चीत ताठ बसले होते, मान दाराकडे.

"बाबा, ही काय मी."

"विनू, कुठे आहेस गं?"

मी त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसले. ओठ त्यांच्या कानाला टेकवले. माझं नाव सांगितलं. त्यांचं सांगितलं. आईचं सांगितलं.

त्यांचं अंग आखडलं.

"कोण आहे?"

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो ओढून घेतला आणि छातीशी धरला. खुर्ची मागे भिंतीवर आपटली.

"कोण आहे? विनू! विनू!"

मी ओरडत होते. माझ्या कानांना माझा आवाज दुखत होता. खाली चौकात येसूबाई कुणाशी तरी भाजीचा भाव करत होत्या.

बाबा भिंतीला धरून खोक्यापर्यंत गेले. "ऐकताय का? दत्तात्रेय थळे बोलतोय. घरात कुणीतरी शिरलंय. अंगाला हात लावतंय. बोलत नाही."

दहाव्या सेकंदाला माझा फोन वाजला. प्रणाली. आता त्यांच्याकडे कुठलीच हाक शांत ठेवत नव्हते.

"मॅडम, बाबा घाबरलेत. तुम्ही कुठे आहात? मॅडम? हॅलो? ... मी पोलिसांना कळवतेय."

बाबांनी कोपऱ्यातली काठी शोधली. मी हलले की जमिनीवर पाऊल वाजत होतं आणि काठीचं टोक त्या दिशेला वळत होतं. म्हणून मी उभी राहिले. आमच्यात चार फूट अंतर असेल.

ते बराच वेळ कान देऊन ऐकत राहिले. मग त्यांनी घसा साफ केला. कोर्टात परक्या माणसाशी बोलताना ते जो आवाज काढत, त्या आवाजात ते माझ्या दिशेने म्हणाले,

"तुम्ही जे कुणी असाल ते. माझ्या मुलीचं काय केलंत?"